भगवानरावांच्या घरचे सुतक

आदिलाबादच्या दवाखान्यातून परतल्यावर भगवानरावांच्या हातून जी गोष्ट घडली ती त्यांनी क्षणभर विचार केला असता तर घडली नसती, आणि पुढील प्रकरणही उद्भवले नसते. ऑटो अंगणाशी थांबला. सून शीतल नवऱ्याच्या, म्हणजे जीवनच्या, आधाराने उतरली व सावकाश घरात गेली. भगवानराव मात्र उंबऱ्याबाहेरच थबकले. अंगणातील कडुनिंबाची डहाळी त्यांनी वाकविली, पाने तोडली, चावली, थुंकली, आणि आत हाक दिली, "पाणी आन व."

जयवंताबाईंनी कसले पाणी हे विचारले नाही. त्यांनी भरलेला तांब्या बाहेर आणला आणि नवऱ्यास न शिवता दुरूनच त्यांच्या पायांवर ओतला. त्यानंतर भगवानरावांनी उंबरा ओलांडावयास पाऊल उचलले.

मांजरखेडी गावात मयतीवरून परतलेला मनुष्य एवढेच करतो. आणि मयत झाल्यावाचून असे कोणीही करीत नाही.

समोरच्या ओट्यावर राहीबाई तुरीच्या शेंगा सोलीत बसल्या होत्या. दवाखाने दूर होते त्या काळात गावातील पुष्कळ लेकरे राहीबाईंच्या हातावर जन्मली होती, आणि जन्मल्यावर त्यांच्या जिभेवर वाढली होती. त्यांनी शेंग हातातच धरली.

"भगवानराव, कोन गेलं गा?"

भगवानरावांनी थोडा विचार केला. "कोनी नाई."

"मंग निंब काऊन खाल्ला?"

भगवानरावांनी ओले पाय पुसले. ते घरात गेले. राहीबाईंनी सूप बाजूस सारले, पदर सावरला आणि त्या कामाला निघाल्या.

येथे मागील हकिकत सांगणे अगत्याचे आहे. शीतलला पहिली मुलगी स्वरा झाली ती पोट फाडून. त्यानंतर रक्त थांबेना म्हणून तिला रातोरात नागपूरला हलविले, आणि तेथून ती परत आली ती निम्मी होऊन आली. स्वरा भिंत धरून उभी राहावयास शिकत होती, तोच शीतलला पुन्हा दिवस गेले. अंगावर पाजणाऱ्या बाईचे महिने मागेपुढे होतच असतात. त्यामुळे ही गोष्ट तिच्याही उशिराच ध्यानात आली. आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की गर्भ चांगला आहे, परंतु पिशवीवरचा जुना टाका कोवळा आहे. शेवटपर्यंत नेल्यास कदाचित निभावेल, कदाचित टाका उकलेल. आज कोणी सांगू शकत नाही. ठेवायचे की नाही हे ज्या बाईचे पोट तिने ठरवायचे असते, असेही त्या म्हणाल्या.

मग एका सकाळी भाकरी थापता थापता शीतल सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी ठेवत नाई."

जीवनला त्याचे मत विचारण्यात आले. तो म्हणाला, "तिचं पोट हाय, तिची जान हाय." एवढे बोलून तो मोटारसायकलची चेन साफ करावयास बसला. त्या आठवड्यात ती चेन फार स्वच्छ झाली.

भगवानराव हे भावकीतील वडील. गावात भटजी नाही, म्हणून कोणाचे सुतक कोणाला, किती दिवस, आणि केव्हा फिटले, हे सांगण्याचे काम त्यांच्याकडे परंपरेने आले होते. असा मनुष्य सुनेच्या विरुद्ध जाईल असे गावाने गृहीत धरले होते. परंतु नागपूरच्या त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात बसून काढलेला वेळ भगवानरावांच्या स्मरणात होता. त्यांनी सुनेची बाजू घेतली.

चुलतभाऊ रामाजी त्यांना समजावयास आला.

"दादा, जीव हाय थो. जीव मारनं म्हंजे हत्या."

"सरकी टोबली म्हून कापूस झाला काय, रामाजी? जिथं उगवत नाई तिथं आपन दुसरी टोबतो. कोनी रडते काय?"

"न उगवलेल्याले कोनी रडत नाई. उगवलेलं उपटून त पाहा गा, हात धजते काय!"

"विरळनी करतो तवा काय करतो मंग?"

"विरळनी येगळी."

"कशी येगळी?"

"दोन पानांवर करतो आपन. मोठं झाल्यावर नाई करत."

"दोनावर नाई गा, चार पानांवर करा लागते."

जीव केव्हा सुरू होतो हा प्रश्न अशा रीतीने विरळणी केव्हा करावी या प्रश्नापाशी येऊन ठेपला. त्या बाबतीत चार पाने हेच योग्य असे दोघांचे एकमत झाले, आणि रामाजी चहा घेऊन गेला. मात्र जाताना बसथांब्याजवळच्या हॉटेलात तो थांबला, आणि तेथे पुष्कळ मंडळींसमोर मोठ्याने म्हणाला, "आमच्या दादाच्या घरात हत्या होऊन राह्यली."

त्या दिवसापासून शीतल नळावर गेली की इतर बायकांच्या घागरी फार लवकर भरू लागल्या. विरजण मागावयास कोणी येईना. एकीने तर स्वराकडे पाहून, "हिची माय हत्यारीन, हिचं काय होईन व," असे पुरेशा मोठ्या आवाजात म्हटले. गावात चिकटलेला शब्द लग्नाच्या वेळी बाहेर निघतो, हे भगवानराव जाणून होते. म्हणून जो भेटेल त्याला ते एकच वाक्य सांगत, "जीव नाई थो अजून." ते वाक्य उभे आहे तोवर सुनेला हत्यारीण म्हणता येणार नाही, अशी त्यांची समजूत होती. आणि आता, दवाखान्यात गर्भ काढून सून घरी येताच, स्वतः त्यांनीच अंगणात उभे राहून निंब खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावकीतील पुरुष ओसरीवर जमले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. रामाजी सर्वांच्या आधी आला व प्लास्टिकच्या एकुलत्या एक खुर्चीवर बसला. त्याची घाई समजण्यासारखी होती. त्याची मुलगी मयूरी हिचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, येत्या रविवारी ठरले होते. किनवटची पाहुणे मंडळी यावयाची होती. भावकीत मयत झाली असेल तर साक्षगंध होत नाही.

"दादा," रामाजी म्हणाला, "गाव म्हनून राह्यलं का तुमी निंब खाल्ला. सांगा त्याईले, तोंड कडू कराले खाल्ला, पित्त झालं होतं."

"पित्त नव्हतं झालं."

"नसन झालं. सांगाले काय जाते? थो काय जीव होता काय? रक्ताचा गोळा होता."

ओसरीवर कोणी हसले नाही. काही जणांनी आपापल्या चपलांकडे पाहिले.

"गोळा?" भगवानराव म्हणाले.

"गोळाच. तुमीच म्हनत होते ना, जीव नाई म्हून? आता मी म्हनून राह्यलो त काऊन पायता असे?"

भगवानराव 'होय' म्हणावयास निघाले. शब्द सोपा होता, आणि तो उच्चारला असता तर सुनेची अब्रू, रामाजीचे साक्षगंध आणि त्यांचे स्वतःचे बोलणे ही तिन्ही एकदम सुरक्षित झाली असती. पण तो शब्द तोंडातून बाहेर येईना. ते म्हणाले, "गुरुजीले फोन लाव."

हेमचंद्र गुरुजी आदिलाबादचे. जुन्या मराठी घराण्यातले, दिवसा बँकेत नोकरी करणारे आणि मुहूर्त असेल तेव्हा लग्ने लावणारे. जीवनने फोन लावून आवाज मोठा केला. सगळी हकिकत ऐकून गुरुजी म्हणाले, "हे पाहा, मतमतांतरे आहेत. पण सर्वसाधारण असे, की चार महिन्यांपर्यंत त्याला स्राव म्हणतात. आईला जितके महिने तितके दिवस पाळायचे, बाकीच्यांनी अंघोळ केली की मोकळे. त्यापुढे गेले असेल तर पात. मग घरच्यांना, भावकीलाही धरावे लागते. कितवा होता?"

कितवा होता, हे ओसरीवर बसलेल्या एकाही पुरुषास ठाऊक नव्हते. सर्वांनी जीवनकडे पाहिले.

"चौथा सरून राह्यला होता," जीवन म्हणाला. "का सरला होता. डाक्टरचं मोजनं येगळं रायते."

"चौथाच," रामाजी म्हणाला. "गुरुजी, चौथा धरा."

"मी धरून कसे चालेल? घरात विचारा. लवकर विचारा, माझ्याकडे पेन्शनवाल्यांची रांग लागली आहे."

भगवानराव उठून आत गेले. शीतल माजघरात बाजेवर भिंतीस टेकून बसली होती. स्वरा तिच्या मांडीवर झोपली होती. सासऱ्याने सुनेशी असल्या विषयावर सरळ बोलावयाचे नसते, म्हणून जयवंताबाई मध्ये उभ्या राहिल्या. वास्तविक त्या खोलीत हात लांब केला तर सर्वांना शिवता आले असते.

"तिले विचार, कितवा होता," भगवानराव बायकोला म्हणाले.

जयवंताबाई सुनेकडे वळल्या. "मामाजी विचारून राह्यले, कितवा होता."

"आत्याबाई, त्याईले सांगा, महिन्याचं मले मालूम नाई. मले एवढंच मालूम हाय का थो हालला होता."

जयवंताबाई नवऱ्याकडे वळल्या. परंतु त्यांनी निरोप सांगितला नाही.

"कदी?" भगवानरावांनी विचारले. विचारताना बायकोकडे पाहावयाचे ते विसरले.

शीतलने पदर पुढे ओढला. पण उत्तर तिनेही सरळच दिले. "जायाच्या आधी. कपडे वाळू घालून राह्यली होती. मासोळीवानी हालला. एकडाव."

"अन् मंग बी तू गेली?"

"मंग बी गेली, मामाजी."

स्वरा झोपेत चुळबुळली. शीतलने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"नागपूरले मी निजल्या निजल्या वरचा पंखा पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "मले तवा समजून राह्यलं होतं का मी मरून राह्यली. कोनी सांगायची गरज नव्हती. हे पोरगी तवा चार घंट्यांची बी नव्हती. मले थे पुन्हा नाई पायजे होतं. म्हून मी गेली. पन जीव होता थो, मामाजी. तुमी लोकाइले सांगता ना, नव्हता म्हून, तवा मले वाटते का मीच येडी हाय. काईच नव्हतं त मी रडून कायले राह्यली?"

जे वाक्य भगवानरावांनी सुनेवर पांघरुणासारखे घातले होते त्याखाली ती गुदमरत होती, आणि ही गोष्ट एका घरात राहूनही त्यांना कळली नव्हती. आपल्या घरातील माणसांनी एकमेकांशी कोणामार्फत बोलावे याचे नियम त्यांना तोंडपाठ होते. त्या नियमांचा असा उपयोग होतो हे त्यांना आज समजले.

"सुतक धराचं काय, बाई?" त्यांनी विचारले. सुनेला त्यांनी 'बाई' अशी हाक प्रथमच मारली.

"धरा," शीतल म्हणाली. मग तिने विचारले, "लोक मंग मले हत्यारीन म्हनतीन ना?"

"म्हनतीन," भगवानराव म्हणाले. खोटे बोलण्याची त्यांना त्या दिवशी इच्छा नव्हती.

ते बाहेर आले. पेन्शनवाल्यांची रांग वाढल्यामुळे गुरुजींनी फोन ठेवून दिला होता. त्यामुळे फैसला भगवानरावांनाच करावा लागला.

"आपल्या घरातला एक जन गेला," ते म्हणाले. "सुतक हाय. भावकीले हाय."

"दादा!" रामाजी खुर्चीवर पुढे सरकला. "रविवारी साक्षगंध हाय!"

"मालूम हाय."

"गोळा होता थो!"

"हॉटेलात तूच म्हटलं होतं, जीव हाय म्हून."

"म्हटलं होतं. पन तवा साक्षगंधाची तारीख नव्हती ना ठरली." रामाजीला आपल्या बोलण्यात काही विसंगत आहे असे दिसले नाही. "अन् तुमी म्हटलं होतं, नाई म्हून."

"म्हटलं होतं. थे चुकलं माहं."

"चुकलं? मंग हत्या झाली म्हना! म्हना साऱ्याइसमोर!"

दारामागे कोणीतरी येऊन उभे आहे, हे सर्वांना कळत होते.

"नाई," भगवानराव म्हणाले. "जीव होता. अन् सूनबाईनं केलं थे बराबर केलं."

"दोन्ही कसं बसन, दादा? जीव होता त हत्या हाय. हत्या नसन त जीव नव्हता. दोनातलं एक बोला."

भगवानरावांनी या युक्तिवादाचा प्रामाणिकपणे विचार केला. त्यात त्यांना कोठेही खोट सापडली नाही. "तुहं बोलनं सरळ हाय," ते म्हणाले. "मलेबी समजत नाई कसं बसते थे. पन तसंच हाय. दोन्ही हाय. जो गेला त्याचं सुतक धर, अन् जे हाये तिले नाव ठेवू नको."

रामाजी उठून अंगणात गेला, परत आला, पुन्हा गेला. सुतक नाकारावयाचे तर 'जीव नव्हता' असे त्याला त्याच हॉटेलात, त्याच मंडळींसमोर जाऊन सांगावे लागणार होते. ज्याच्या मुलीचे लग्न जमावयाचे आहे त्याने शब्द फिरविणे बरे दिसत नाही. शेवटी त्याने अंगणातूनच किनवटला फोन केला. किनवटच्या मंडळींना उलट हायसे वाटले. त्यांचा कापूस शेतात फुटून पडला होता, वेचणीस मजूर मिळत नव्हते, आणि तारीख पुढे ढकला हे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे, याच विवंचनेत ते होते. कोण गेले, असे त्यांनी विचारले. रामाजी क्षणभर अडखळला. "घरातलंच," तो म्हणाला. "लहान होतं."

सुतक लागल्यावर जे करावयाचे ते सर्व सुरू झाले. चूल पेटली नाही. भावकीबाहेरच्या घरांतून भाकरी व पिठले आले. आणि एक गोष्ट अशी झाली की जिचा हिशेब भगवानरावांनी केला नव्हता, रामाजीनेही केला नव्हता. दुपारी बायका भेटावयास आल्या.

त्यांना येणे भाग होते. मयतीच्या घरी कोणी बोलावण्याची वाट पाहत नाही, आणि तेथे जाऊन कोणी दोष काढीत नाही. विहिरीत पडलेला असो, दारूपायी गेलेला असो, भांडून फवारणीचे औषध प्यालेला असो. त्याच्या घरी जावयाचे, जमिनीवर बसावयाचे, आणि निघताना 'येतो' म्हणावयाचे नाही. नळावर ज्यांच्या घागरी लवकर भरत होत्या त्या सर्वजणी पदर डोक्यावर घेऊन एकामागून एक आल्या आणि शीतलभोवती बसल्या. राहीबाई आल्या. सर्वांत शेवटी रामाजीची बायको सुभद्राबाई आली. नळावरचा तो शब्द तिचाच होता.

मग सुभद्राबाईने, जे प्रत्येक मयतीच्या घरी विचारावयाचे असते ते विचारले. विचारण्याचा तिचा बेत होता असे नाही.

"कसं झालं व माय?"

शीतलने वर पाहिले. आजवर तिला हे कोणी विचारले नव्हते. 'काऊन केलं' असे विचारले होते, 'कोनी शिकवलं' असेही विचारले होते.

"पयल्यापासून सांगू?"

"सांग."

शीतल सांगू लागली. ओसरीवर भगवानराव जमिनीवर बसले होते. रामाजी खुर्चीवर होता. सुतकात पुरुषांना विशेष काम नसते. आतले बोलणे सर्व ऐकू येत होते; नागपूरचा पंखा, कोवळा टाका, दोरीवरचे ओले कपडे आणि त्या वेळी पोटात झालेली हालचाल. मध्येच राहीबाईंचा आवाज आला, "तसंच हालते पयल्यांदा, मासोळीवानीच." त्यांनी एवढेच म्हटले, आणि ज्यांनी राहीबाईंना ऐकले आहे त्यांना ते फार थोडे वाटेल.

शीतलचे सांगून झाले. नंतर सुभद्राबाई बोलली. ती हळू बोलली, पण ती ओसरी फार लांब नव्हती.

"मयूरीच्या मागचं एक माहं बी असंच हाय. लागोपाठ राह्यलं होतं. अंगात ताकद नव्हती. माहेरी गेली होती मी, मायनं उटनूरच्या दवाखान्यात नेलं. घरी कोनाले सांगतलं नाई. आल्यावर दुसऱ्याच दिवशी वावरात निंदाले गेली." तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "थे बी हाललं होतं."

आत कोणीतरी नाक पुसले.

बाहेर रामाजी खुर्चीवर ताठ बसला होता. मयूरी आता लग्नाची झाली होती. तिच्या मागचे म्हणजे केव्हाचे, हे तो मनात जुळवीत असावा. त्याचे ओठ हलत होते. जीवन उठून मोटारसायकलकडे गेला आणि तिथेच उभा राहिला. रामाजी बोलला तेव्हा त्याचा आवाज हॉटेलातला नव्हता.

"दादा," तो म्हणाला, "जुनं सुतक आता धरता येते काय?"

भगवानरावांना या विषयात पूर्ण माहिती होती. परगावी गेलेल्या माणसाची खबर उशिरा आली म्हणजे काय करावयाचे, हे त्यांनी भावकीला अनेकदा सांगितले होते.

"येते," ते म्हणाले. "ज्या दिवशी समजते त्या दिवसापासून लागते."

रामाजीने मान हलविली. मग तो खुर्चीवरून उठला आणि भगवानरावांच्या शेजारी जमिनीवर बसला.